तेबुकाचा माड

(किरिबाटीतलं एक छोटं बेट. पहाट फुटते आहे. माडाच्या शेंड्याशी म्हातारा काउतू. खाली त्याची सून रेराओ.)

रेराओ : उतरा म्हणते ना! गुडघा धड वाकत नाही आणि निघाले माडावर! पडलात म्हणजे?

काउतू : हळू बोल. शेजार उठेल.

रेराओ : उठू दे. माडावर चढलेल्यानं गाणं म्हणायचं असतं, खालच्यांना कळावं म्हणून. तुम्ही चोरासारखे गप्प का?

काउतू : गळा बसलाय.

रेराओ : काल गावच्या सभेत बरा मोकळा होता! सगळ्यांसमोर म्हणालात, "रविवारी करून टाका माझ्या मुलाची, तेबुकाची, शोकप्रार्थना." मला विचारलंत?

काउतू : पोरी, विमानानं शोधणं थांबवलं. पास्टर म्हणाले, सुनेला एकदा मोकळं रडू दे. मी काय बोलणार?

रेराओ : नाही म्हणायचं! होडीचं इंजिन बंद पडलं म्हणजे माणूस बुडाला असं थोडंच आहे? माणसं वाहत जातात, भलत्याच बेटाला जिवंत लागतात. तुमचे धाकटे काका नाही का आले परत? पावसाचं पाणी पिऊन, कच्चे मासे खाऊन?

काउतू : कोण म्हणतं बुडाला?

रेराओ : तुम्ही! त्या दिवशीच्या जेवणाला डुक्कर कुठलं कापायचं तेसुद्धा ठरलंय म्हणे.

काउतू : बाजूला हो जरा. सालपटं पडतील अंगावर.

रेराओ : थांबा... मामंजी, हा तर तेबुकाचा माड.

काउतू : माड तो माड. त्यात काय?

रेराओ : तुमचा विहिरीकडचा. तो तर गुडघ्यापायी केव्हाच सोडलात. मग याच्या फुलोऱ्याची पोय... रोज तुम्ही तासता?

काउतू : सकाळ-संध्याकाळ. नाही तासली तर सुकते, नीरा बंद होते. आल्यावर म्हणेल, बाबा, एवढंही जमलं नाही तुम्हाला?

रेराओ : आल्यावर?

काउतू : ...गेलं तोंडातून.

रेराओ : म्हणून गाणं नाही होय! चारचौघांत पोरगा मेला म्हणायचं आणि पहाटे त्याच्यासाठी माड राखायचा!

काउतू : आणि तू गं? चारचौघांत "येणार, येणार" म्हणतेस. परवा त्याचं नवं जाळं तुझ्या भावाच्या खांद्यावर कुणी टाकलं? वरून सगळं दिसतं, बाई.

रेराओ : ...पडून कुजलं असतं.

काउतू : नायलॉनचं? रागावून नाही म्हटलं मी.

रेराओ : मला भीती वाटते, मामंजी. बाहेर पाऊल वाजलं की उठून बसते. कुणी शेजारी निघाला की तो पुन्हा एकदा गेल्यासारखं होतं. रोज! या आशेनं जीव खाल्लाय माझा. कधी वाटतं, तो रविवार येऊन जाऊ दे एकदाचा. मग माझी मलाच लाज वाटते, आणि आणखी मोठ्यानं म्हणते, येणार.

काउतू : मी "गेला" म्हटलं ना, की आतून कुणीतरी खेकसतं, थेरड्या, जीभ आवर! मग येतो इथे.

रेराओ : पाय! पाय सांभाळा!

काउतू : ...निसटला. धरलंय मी. ओरडू नकोस, उतरतोय. हा बघ, आलो.

रेराओ : बास झालं. संध्याकाळी चढायचं नाही.

काउतू : मग सुकेल ती.

रेराओ : आणि रविवारचं काय?

काउतू : पास्टरांकडे जातो आत्ताच. म्हणतो, घाई केली मी, थांबवा. म्हातारा चळला म्हणतील. म्हणू देत.

रेराओ : आणि तो नाहीच आला तर?

काउतू : तेव्हा रडू दोघं. आत्ता उसनं रडणं नको.

रेराओ : जाळं मी मागून आणते भावाकडून... आणि आधी मला चढायला शिकवा.

काउतू : वेडी का खुळी? बायका माडावर चढत नाहीत.

रेराओ : गावाला हसायला आणखी एक मिळेल. संध्याकाळी मीच चढणार. पाय कुठे ठेवू?

काउतू : ...त्या खाचेत. छातीनं बिलग खोडाला. हां. आता दुसरा. रेराओ, ऐक—

रेराओ : माहीत आहे. खाली बघायचं नाही.

काउतू : खाली खुशाल बघ. समुद्राकडे बघू नकोस.