मास्तरांची वाद्यं कपाटात नकोत

वखारीत जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. माई, अण्णा, कांदा निवडायच्या ढिगावरून उठून आलेल्या मावश्यांनो, आणि मागे पोत्यांवर बसलेल्या मुलांनो.

मला बोलायला उभं केलंय, कारण या वस्तीत बी.ए. झालेली मी पहिली. पण शोकसभेत कसं बोलायचं ते बी.ए.ला शिकवत नाहीत. मी लिहून आणलं होतं. त्यात 'दिवंगत' होतं, 'पोकळी' होती, मास्तर कुठेच नव्हते. म्हणून कागद ठेवून देते.

आत्ता माझ्याआधी अण्णा बोलले. अण्णा आडतदार आहेत, ही वखार त्यांची. इतकी वर्षं दर रविवारी त्यांनी ती मास्तरांना दिली, हे आम्ही विसरणार नाही. अण्णा म्हणाले, मास्तरांची वाद्यं शाळेत काचेच्या कपाटात ठेवू. वर फोटो, खाली नाव, आणि कुलूप. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मग डोक्यात आलं, कुलूप लागलं तर येत्या रविवारी ही तेरा मुलं काय वाजवणार?

अण्णा, राग मानू नका. मी त्यासाठीच उभी आहे.

मास्तर पलटणीच्या बँडमधून रिटायर होऊन मंचरला आले. लोक रिटायर होऊन येताना फ्रीज आणतात. मास्तरांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून हुडकलेली सात व्हायोलिनं, तीन क्लॅरिनेट, दोन ट्रम्पेट आणि एक चेलो आणला. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, माणसाएवढा, गुडघ्यात धरून वाजवायचा. माई दारातच नवऱ्याला म्हणाल्या, "आन हे ठिवायचं कुठं?" मास्तर म्हणाले, "पोरांच्या हातात." आणि सगळं घेऊन इथे आले.

तेव्हा मी तिसरीत होते. तिसरीत होते म्हणजे शाळेत माझं नाव होतं, मी नव्हते. आमच्या आया कांदा निवडायच्या आणि आम्ही ढिगाच्या कडेला फोलपटं उडवायचो. मास्तरांनी आम्हा बारा जणांना रांगेत बसवलं, समोर उभे राहिले आणि एक बारीक पांढरी छडी वर केली.

आम्ही बाराही जणांनी हात पुढे केले. तळवे वर, डोळे घट्ट मिटलेले.

मास्तरांना काही कळेना. कळलं तेव्हा त्यांनी छडी खाली ठेवली. "आरं, ही मारायची न्हाई. ही बघायची."

बाळूनं एक डोळा उघडला. "बघून झाल्यावर मारणार ना?"

आमच्या हातांना खाली यायला दोन रविवार लागले.

मास्तरांचा नियम एकच होता. आठवडाभर शाळेत दिसलास तर रविवारी वाद्य. नाही दिसलास तर घरी जा. त्या व्हायोलिनच्या लोभानं मी शाळेत जायला लागले, हे माझ्या डिग्रीवर कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून इथे सांगते.

माझी आई समोर बसलीय, तिला आठवत असेल. सातवीनंतर ती मास्तरांकडे आली आणि म्हणाली, "मास्तर, पोरीला ह्ये शिकवून काय करायचं? तिच्या लग्नात वाजवायचंय व्हय?"

"न्हाई बाई," मास्तर म्हणाले, "लग्न लांबवायला."

आई हसली. हसली म्हणून मी आज इथे उभी आहे.

आमचा पहिला कार्यक्रम याच वखारीत झाला. ऑर्केस्ट्रा म्हटल्यावर नाचगाणं असेल म्हणून लोक लवकर येऊन पुढे बसले होते. आम्ही वाजवलं आणि मास्तरांनी वळून बघितलं, तर सगळे डोळे पुसताहेत. मास्तर आठवडाभर हवेत होते. शेवटी माईंनी सांगितलं, "आवो, मागच्या गाळ्यात कांदा सडलाय." आज मी मुद्दाम बघितलं. गाळा रिकामा आहे.

मग जुन्नरला कार्यक्रम ठरला. शाळेचा मोठा हॉल, सुटाबुटातले पाहुणे. आम्ही एसटीनं निघालो. कंडक्टर चेलोजवळ येऊन थांबला. "ह्याचं तिकीट लागंल."

"काढतो की," मास्तर म्हणाले. "पर मग बसायला जागा पायजे. खिडकीची."

कंडक्टरनं चेलोच्या पोटाकडे नीट बघितलं. "बसवा, पावणं. पोटुशी दिसतीया."

नारायणगावपर्यंत चेलो खिडकीत आणि मास्तर उभे.

आणि त्या हॉलमध्ये काय झालं ते अण्णांना आठवत असेल, कारण ते अण्णांनीच केलं. आमचं वाजवणं निम्म्यावर आलं होतं. तिथे चार मोजेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं असतं. अण्णांना वाटलं, संपलं. ते प्रेमानं फेटा आणि फेटेवाला घेऊन थेट स्टेजवर. आपल्याकडे सत्कार राहिला तर कार्यक्रम झाला असं कुणी मानतच नाही. चार मोजून झाले, आम्ही परत सुरू केलं. इकडे फेटा बांधणं चालू, तिकडे मास्तरांची छडी चालू. फेटेवाला म्हणतोय, "मास्तर, मान सरळ ठिवा." मान सरळ झाली की छडी वाकडी जायची, आणि छडी जाईल तिकडे आम्ही. अशी चाल जगात कुणी वाजवली नसेल. मग अण्णांनी शाल घातली आणि छडी शालीखाली गेली. छोटी हिरा पहिल्या रांगेतून ओरडली, "मास्तर, काठी दिसंना!"

मास्तरांनी शाल काढून अण्णांच्या हातात दिली. म्हणाले, "अण्णा, आधी पोरांचं पुरं होऊ द्या. मग माझ्यावर काय घालायचं ते घाला."

परवा आपण त्यांच्यावर शाल घातली. त्यांनी कुणाला अडवलं नाही.

मंडळी, कपाट हा सत्कारच आहे. अण्णा तो त्याच प्रेमानं करताहेत, मला माहीत आहे. पण पोरांचं अजून पुरं झालेलं नाही.

अण्णा म्हणाले, मास्तर नाहीत, पोरं वाद्यं मोडतील. मोडतील ना. मास्तर असतानाही मोडायची. चेलोची मान दोनदा मोडली, दोन्ही वेळा सुतारमामांनी जोडली. कपाटात ती मोडणार नाही. पण मुकं राहिलेलं लाकूड जोडणारा सुतार आपल्याकडे नाही.

मग शिकवणार कोण? मी शिकवीन. मला क्लॅरिनेट येत नाही आणि ट्रम्पेटची मला अजून भीती वाटते. पण बाळू आता टेम्पो चालवतो. रविवारी भाडं घेणार नाही, ट्रम्पेटला येईन, म्हणालाय. हिरा चेलोला बसेल. मास्तरांइतकं आम्हाला येणार नाही. मास्तरांना तरी आम्ही बारा जण हात पुढे करून बसलेलो असताना शिकवणं कुठे येत होतं?

एवढंच मागणं आहे. वाद्यं मुलांकडे राहू द्या, आणि रविवारची वखारही. फोटो शाळेत लावा, मोठा लावा, हार मी आणते.

मास्तर, तुम्हाला नमस्कार. चुकीचं काही बोलले तर तुम्ही थांबवायचात, म्हणून बोलायची सवय लागली.

आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहू. मुलांनो, तुम्ही नाही. तुम्ही वाद्यं घ्या, बाहेर ओट्यावर बसा आणि सूर लावायला घ्या. आत आवाज आला तर कुणी त्यांना गप्प करू नका.

अण्णा, वाद्यं तुमच्या खुर्चीमागे आहेत. उठताना जरा बाजूला व्हाल? पोरांना जायला जागा द्या.