टेपमधला ‘दड्डा’

हे टाइप करणारच नव्हतो. मल्लेश्वरमच्या बसथांब्यावर आमच्या पुढं शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजातल्या दोघी उभ्या होत्या.

“अहल्या, जेवली का नाहीस?”

“अक्का, ती टेपरेकॉर्डरची पेटी वर्गात आणली होती ना, तिच्यावर घेतलेला माझा पाठ आज ऐकवला. मी एका पोराला ‘दड्डा’ म्हणाले.”

“मठ्ठ? तू?”

“मला आठवतच नाही. टेप नसती, तर देवाशपथ ‘नाही’ म्हटलं असतं.”

“सगळेच म्हणतात गं.”

“त्यानंतर तो पोरगा बोललाच नाही. आणि टेपमधला माझा आवाज अगदी आमच्या चिडलेल्या आप्पांचा.”

“मग सोडतेस शिकवणं?”

“उद्या त्याच वर्गावर जायचंय. आधी त्याचं नाव विचारते.”

माझ्या शेजारी उभा असलेला मित्र गुरुराज त्याच कॉलेजातला. उद्या त्याचा पाठ. तो पाठाची वही काढून चाळू लागला.

“मी मागच्या बाकावर बसेन,” मी म्हटलं. “तसलं काही बोललास, तर टेपच्या आधी मीच सांगेन.”