गुरुवारचा रस्सा

भोसरीच्या थांब्यावर पिंपरीची बस काही येईना. रुक्मिणीबाईंच्या पुढे एक जोडपं उभं होतं.

"नूरबी, मोशीकडचे विजेचे टॉवर पाहिलेस? आजवर एकाच बाजूला तारा होत्या. आता दुसऱ्या बाजूलाही ओढल्यात."

"मग?"

"मग इकडे दुप्पट वीज येणार. वीज पुरत नाही म्हणून आमच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी होती ना, ती आता रविवारी होणार म्हणतात."

"या अल्ला! म्हणजे माझ्या शाळेची अन् तुमची सुट्टी एकाच दिवशी? लग्नानंतर पहिल्यांदाच!"

"हो. पण गुरुवार निवांत होता बघ. तू शाळेतून दमून यायचीस, मी रस्सा करून ठेवायचो..."

"आता रविवारी माझ्यासमोर करा."

रुक्मिणीबाई पदर सावरायच्या निमित्ताने अर्धं पाऊल पुढे सरकल्या.

"रविवारी तू घरात असताना मी कशाला मध्ये लुडबुड करू?"

"गौहरआपाकडून पातेलं आणता येणार नाही म्हणून?"

"कोण गौहरआपा?"

"आपली शेजारीण. गुरुवारचा रस्सा तिच्या हातचा असतो."

"तुला कधीपासून ठाऊक?"

"पहिल्या घासापासून."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"ताट वाढून, हातपंख्याने वारा घालत समोर बसायचात. बोलले असते तर ते गेलं असतं."

"अन् आता रविवारी?"

"रस्सा मी करीन. वाढायचं तुम्हीच. पंखाही तुमच्याच हातात."

"अगं, दुप्पट वीज येणार म्हटलं ना? छताला पंखा लावू की!"

"काही नको."