पाण्याचा नळ कोण मागणार

शहाद्याहून निघालेल्या बसमध्ये बायकांना सभेत बोलायला शिकवणारं शिबिर घेऊन परतणाऱ्या चेतनाताईंच्या नेमक्या मागच्या बाकावर त्यांच्याच दोन शिष्या बोलत होत्या. ताई पुढे आहेत, याचा दोघींना पत्ता नव्हता.

"ममता, उद्या ग्रामसभामा आपली गल्लीना नळ तूच मांग."

"माले नही जमाव, दगूमाय. सरपंच मन्हा सासरा शे. त्यासनासमोर मी आजलोंग तोंड उघाडं नही."

"ताईनी सांगं ना, डोयामा डोया घालीसन बोला."

"ताईले सासरा नही व्हई."

चेतनाताईंनी हसू ओढणीत दाबलं.

"मंग सासराकडे पाठ करीसन बोल."

"पाठ करू तं तोंड कोठे जाई?"

"आख्खा गावकडे."



"मंग तू सगळासना पुढे बठजो. माले कोनतरी वळखीनं दिसाले पायजे."