बेचाळीस म्हणजे कुठलं बेचाळीस?

नाही, माणसाच्या हातून चूक होते, मान्य आहे मला, पण इतकी स्वच्छ चूक? पांढरीशुभ्र! एक डाग नाही तिच्यावर… आणि वर लोक शाबासकी देऊन गेले! मळकी चूक असती तर निदान दिसली तरी असती.

तुम्हाला सांगतो, मी रूपेश, उमरोळीचा. बोईसरला स्टेशनजवळ चिराग शेठचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं सहा वर्षं स्कॅनिंगच्या मशीनवर बसतो. शाळा नववीत सोडली. नापास वगैरे नाही हं, वाचता सगळं यायचं, फक्त उभं राहून मोठ्यानं वाच म्हटलं की घसा बंद. सर म्हणायचे, 'वाच', वर्ग हसायचा, मी पुस्तकाकडे बघायचो, पुस्तक माझ्याकडे बघायचं… एक दिवस गेलोच नाही. मशीन बरं. मशीन कोणाला मोठ्यानं वाच म्हणत नाही. आज तुमच्यासमोर एवढा बोलतोय याचंच मला नवल वाटतंय, आणि मध्ये थांबलो तर परत सुरू होणार नाही, म्हणून थांबत नाही.

तर झालं काय, तारापूरच्या बाजूच्या एका वाडीतले कृष्णकांत काका दुकानात आले. वाडीच्या मंडळाचे चिटणीस. कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं. त्यांच्या हेतलचं लग्न होतं, आणि हातात पिशवी, पिशवीत टॉवेल, टॉवेलात पुस्तक. त्यांच्या मंडळानं फार पूर्वी छापलेलं लग्नाच्या गाण्यांचं पुस्तक. गावात एवढी एकच प्रत उरलेली, ती त्यांच्या वहिनीकडे, म्हणजे जयवंतीकाकींकडे. चाळीस वर्षं वाडीत कोणाचंही लग्न असो, काकी मांडवात बसणार, मांडीवर हे पुस्तक उघडणार, पहिली ओळ उचलणार, आणि मग बाकीच्या बायका. काका म्हणाले, याची पीडीएफ कर, हळदीला चाळीस बायकांच्या मोबाईलवर पाहिजे, आणि एकदम नवीन दिसली पाहिजे.

आता नवीन कर म्हटलं की मला काय होतं ते कसं सांगू… तुम्ही कधी जुनं पान मोठं करून बघितलंय? मधल्या शिवणीची काळी सावली असते, पान वाकडं असतं, कोपऱ्यात माझाच अंगठा आलेला असतो. ते सगळं मी सरळ केलं, कापलं, पिवळेपणा उडवला. आणि डाग! एका पानावर तेलाचा एवढा मोठा ओघळ. एका पानावर हळदीची चार बोटं, स्पष्ट, जशी कोणी आत्ता ठेवून उचललीत. कुठं कुंकू सांडलेलं, कुठं उदबत्तीनं जळून भोक पडलेलं. एकेक डाग निवडून पुसला. शेजारच्या कोऱ्या जागेतला तुकडा उचलायचा, डागावर बसवायचा. जळालेल्या भोकातलं अर्धं अक्षर दुसऱ्या पानावरून आणून जोडलं. सहा दिवस! आधार कार्डवाले रांगेत, 'भैया, मेरा फोटो थोड़ा साफ कर दो,' आणि मी हळद पुसतोय.

काका बघून खूश. मूळ पुस्तक त्यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवलं, आता याला कोणी हात लावायचा नाही म्हणाले, आणि काकींना आणि सात-आठ म्हाताऱ्या बायकांना माझ्या पीडीएफच्या छापील प्रती दिल्या, गोल तारेच्या बांधणीच्या.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन.

"रूपेश, अनुक्रमणिकेत पाठवणी बेचाळीसला लिहिलीय. मी मोबाईलवर बेचाळीस टाकलं तर हळद लागतेय. पोरगी सासरी गेली की परत हळदीला आली?"

आता तुम्हीच सांगा, बेचाळीस म्हणजे कुठलं बेचाळीस?

कारण पुस्तक सुरू होताना आधी मुखपृष्ठ, मग मंडळाचा फोटो, मग देणगीदार, मग मनोगत… अशी दहा पानं. त्यांच्यावर एकतर आकडाच नाही, नाहीतर 'पाच', 'सहा' असं अक्षरात. आणि मग जिथं गाणी सुरू होतात तिथं छापणाऱ्यानं परत पहिल्यापासून एक. शिवाय सोळा पानानंतर मध्येच एक फोटोंचा कागद घुसवलेला, त्याच्या दोन्ही बाजू बिनआकड्याच्या. माणूस ते सोडून मोजतो. मोबाईल कसला सोडतोय? तो पहिल्या पुठ्ठ्यापासून जे दिसेल ते मोजतो. म्हणजे सोळापर्यंत दहा मिळवायचे, सोळानंतर बारा. मोबाईलचं बेचाळीस म्हणजे छापलेलं तीस, आणि तीसला हळद. झालं.

मी काकांना समजावलं. म्हटलं, काका, पालघरहून मोजलं तर बोईसर दुसरं स्टेशन, उमरोळी पहिलं. विरारहून मोजलं तर तेच बोईसर सहावं. बोईसर कुठं हललं का? काका म्हणाले, "मला बोईसरला यायचं नाहीये, मला पाठवणी पाहिजे."

मग मी पीडीएफलाच सांगून टाकलं, पहिली दहा मोजू नकोस, फोटो मोजू नकोस. तशी सोय असते. दुकानातल्या कॉम्प्युटरवर बेचाळीस टाकलं, पाठवणी! मी खुर्चीतून उठलो आनंदानं. तीच फाईल मोबाईलवर उघडली… हळद. मोबाईलला मी काय सांगितलं याच्याशी देणंघेणंच नाही! म्हणजे आता एकाच फाईलची दोन बेचाळीस.

काका म्हणाले, रविवारी वाडीत तालीम आहे, तू येऊन बायकांना समजाव.

मी! चाळीस बायकांसमोर!

गेलो. ओटीवर चटया, बायका बसलेल्या, मध्ये जयवंतीकाकी, मांडीवर माझी पांढरीशुभ्र प्रत. मी खांबाला टेकून 'सोळापर्यंत दहा, पुढं बारा' एवढंच बोललो, तेही खांबाला. मग काकींनी सुरुवात करायची होती. काकींनी पान उलटलं. अजून एक उलटलं. पुढं गेल्या, मागं आल्या. पानावरून हात फिरवून बघितला… असा, जसा आपण अंधारात बटण शोधतो. शेवटी म्हणाल्या, "चष्मा घरी राहिला गं."

आणि चष्मा त्यांच्या छातीवर दोरीला लटकत होता.

तुम्हाला सांगतो, हे वाक्य मी ओळखतो. दुकानात दिवसातून चार वेळा ऐकतो. 'जरा फॉर्म भरून दे रे, चष्मा विसरलो.' सालवडचे कामगार म्हणतात, माझी आई बँकेत म्हणते. माझ्या आईकडे तर चष्माच नाही! मी खाली बघितलं. मला वर्गातलं ते उभं राहणं आठवलं, पुस्तक उघडं आणि सगळे आपल्याकडे बघतायत…

हेतलची धाकटी बहीण किंजल, तिनं घाईनं मोबाईलवर हळद शोधली आणि म्हणाली, "चला, मी सांगते. बेचाळीस काढा सगळ्यांनी."

झालं! मोबाईलवाल्या बायकांचं बेचाळीस म्हणजे हळद, प्रतीवाल्या म्हाताऱ्यांचं बेचाळीस म्हणजे पाठवणी. अर्ध्यांनी नवरीला हळद लावायला घेतली, अर्ध्यांनी तिला उंबऱ्याबाहेर काढली. कोणी मागं हटेना. एका आजीनं तर पान उलटून थेट डोहाळे सुरू केले. हेतलची आई पाठवणी ऐकून खरंच रडायला लागली, आणि हळद अजून दळायचीसुद्धा होती! किंजलनं कानावर हात ठेवले. म्हणाली, "काकी थकल्यात आता. पालघरहून गाणाऱ्यांची पार्टी सांगू या का?"

काकींनी माझी प्रत मिटली आणि तिच्या पुठ्ठ्यावर दोन्ही हात ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या एकट्याच रिक्षानं दुकानात. स्टुलावर बसल्या. शेठ जेवायला गेले होते. मी पाणी दिलं. प्रत काउंटरवर ठेवून मला विचारतात कसं, "पोरा, माजी हळद कुठं गेली?"

मी म्हटलं, काकी, पान तीस, म्हणजे मोबाईलवर…

"आकडा नको सांगू. हळदीचा हात होता त्या पानावर. माज्या सासूचा. तेल सांडलेलं ते तेलवणाचं पान. जळून भोक पडलंय ती पाठवणी. डाग दिसला की पयली ओळ तोंडात येते, मग पुढचं आपोआप येतं. आमी तसंच शिकलो. तू सगळं धुतलंस रे."

रागानं नाही हो. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "कोणाला सांगू नको. भाऊजींना तर नायच. चाळीस वर्षं पुस्तक घेऊन बसते मी."

आता कच्चे स्कॅन तरी असावेत ना? शेठ दर शनिवारी जागा करायला जुनं सगळं उडवतात. शनिवार होऊन गेला होता. म्हणजे पुस्तक परत स्कॅन करायचं, आणि पुस्तक काकांच्या कपाटात, आणि काका विचारणार, का? हळद तीन दिवसांवर. काय सांगू? खरं सांगितलं तर काकींचं गुपित गेलं, नाही सांगितलं तर पालघरची पार्टी आली. मी रात्रीपर्यंत दुसरं कारण शोधत होतो, नाही सापडलं. एकच राहिलं. सकाळी वाडीत गेलो आणि म्हटलं, काका, माझं काम चुकलं. सगळंच चुकलं. परत करावं लागेल.

सहा दिवसांचं माझं सगळ्यात चांगलं काम, तुम्हाला सांगतो! ते जोडलेलं अर्धं अक्षर तर कोणाला ओळखूसुद्धा आलं नसतं!

काकांनी पुस्तक दिलं, पण आधी बायकांसमोर म्हणाले, "नववीतून पळालेल्याच्या हातात पुस्तक दिलं, चूक माझीच." मी हो म्हटलं. दुकानात, फुकट परत करायचंय म्हटल्यावर, शेठ म्हणाले, "रूपेश, तू कोणाच्या बाजूनं आहेस रे, दुकानाच्या की गिऱ्हाइकाच्या?" त्यांनाही हो म्हटलं. दोन्हीकडे हो म्हणण्यात बोलावं कमी लागतं.

या वेळी सगळं रंगीत ठेवलं. सावली काढली, अंगठा काढला, पान सरळ केलं, पण डागाला हात नाही. उलट हळद जरा फिकी येत होती, ती थोडी उठवली. काका फाईल बघून म्हणाले, हे काय, घाण तशीच? मी म्हटलं, काका, हल्ली जुनं असंच ठेवतात. त्यांनी कपाळाला हात लावला. नवी फाईल सगळ्यांच्या मोबाईलवर गेली, म्हाताऱ्यांना नव्या रंगीत प्रती. आकडे मात्र तसेच राहिले, सोळापर्यंत दहा, पुढं बारा. त्याला माझ्याकडे इलाज नाही.

हळदीच्या दिवशी मी मांडवाच्या मागच्या बाजूला, जिथून पटकन निघता येईल असा उभा. पालघरची पार्टी अजून सांगितली नव्हती, पण किंजलच्या मोबाईलमध्ये नंबर तयार. ती म्हणाली, "काकी, कितवं पान?"

आलं परत. आता तुम्हीच सांगा, बेचाळीस म्हणजे कुठलं…

काकींनी नवी प्रत उघडली. दोन पानं उलटली. तिसऱ्यावर थांबल्या, आणि हळदीच्या चार बोटांवर आपली चार बोटं ठेवली. बरोबर बसली. म्हणाल्या, "हाताचं पान काढा."

मोबाईलवर सगळी पानं छोटी-छोटी एकदम दिसतात ना, त्यात आकडा वाचता येत नाही, पण पिवळा हात? लांबून दिसतो! चाळीस बायका, एक हात. कोणी विचारलं नाही सोळाच्या अलीकडे की पलीकडे. काकींनी ओळ उचलली आणि सगळा मांडव तिच्या मागून… मी असं ऐकलं नाही कधी.

गाणं संपल्यावर किंजल म्हणाली, काकी, हे भारी आहे, आकड्यानं का नाही सांगितलंत आधीपासून? म्हणजे डागानं का नाही… तिचाच घोळ झाला. आणि काकी सगळ्यांसमोर, काकांसमोर, अगदी सहज म्हणाल्या, "मला आकडा कुठं येतो गं? मला डाग येतो." म्हणून तर आज तुम्हाला हे सांगतोय, नाहीतर नसतं सांगितलं.

बायका हसल्या, पण त्यांच्याबरोबर हसल्या. काका हसले नाहीत. त्यांनी मांडवातून मला शोधून काढलं, बराच वेळ बघितलं, खिशातलं एक पेन काढलं, परत ठेवलं. मग स्वतः माझ्यासाठी सरबत घेऊन आले. आम्ही दोघं एकमेकांशेजारी उभं राहून सरबत प्यायलो.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण मला एक खोड लागली. आता कुठलाही डाग पुसताना माझा हात अडतो. परवा सालवडचा एक कामगार आधार कार्ड घेऊन आला, त्यावर तपकिरी ओघळ. मी विचारलं, "भैया, ये दाग रखना है कि निकालना है?"

तो म्हणाला, "अरे भाई, चाय गिरी है."

मी म्हटलं, "किसकी?"

त्यानं कार्ड उचललं, आणि शेजारच्या दुकानात गेला. तिकडे काही विचारत नाहीत.