मैसूरचं तेच घर

ओंकार : म्हणजे या वहीतलं हे चौथं मेडिकल. सृष्टी, मैसूरला आपण चार दिवस राहायला चाललोय, दुकान टाकायला नाही.

सृष्टी : तू हस. रात्री साडेनऊला मेडिकलवाल्याला फोन लावायचा आणि चार वर्षांच्या मुलीसाठी तापाचं औषध मिळेल का विचारायचं. त्यानं उचलला म्हणजे गल्ली जागी आहे. मागून बायकांचे आवाज आले म्हणजे त्या वेळेला बायका बिनधास्त बाहेर पडतात. हे हॉटेलच्या फोटोत दिसतं का?

ओंकार : बरं. मग काय निघालं?

सृष्टी : राजवाड्याकडच्यानं उचललाच नाही. गोकुलम म्हणून भाग आहे, तिथल्यानं उचलला, वर विचारलं, मुलीचं वजन किती. मागे दोन बायका कशावरून तरी हसत होत्या. मी तिथेच ठरवलं, राहायचं तर गोकुलमला.

ओंकार : दोन बायकांच्या हसण्यावर.

सृष्टी : आणि या वहीवर. वाच. 'गोकुलम, जयम्मांचं घर. रस्त्यावर दिवे आहेत. दवाखाना चालत सात मिनिटं. तळमजला, आईंच्या गुडघ्याला जिना नाही. मालकीण वर स्वतः राहते. दहापैकी नऊ.'

ओंकार : एक मार्क कशाचा कापला?

सृष्टी : आपल्यातल्या कुणी जाऊन डोळ्यांनी बघितलेलं नाही, त्याचा.

ओंकार : पुण्याला पंकजावहिनीला एक फोन केला असतास तर पंधरा दिवस वाचले असते. दिवाळीत दादा-वहिनी आईला घेऊन मैसूरलाच तर गेले होते.

सृष्टी : म्हणूनच नाही केला.

ओंकार : अख्खा देश पडलाय, तरी तुला मैसूरच पाहिजे. आणि मैसूर बघून आलेल्या माणसाला विचारायचं मात्र नाही.

सृष्टी : आई संक्रांतीपासून आपल्याकडे आहेत ना? संक्रांतीपासून मी मैसूर ऐकतेय. मी आमटी वाढली की पंकजानं तिथं सांबार कसं खाऊ घातलं. मी पायाला तेल लावलं की पंकजा तिथं पाय कशी चेपायची. परवा इथे सावेडीत आपली वीज गेली तर अंधारात बसून मैसूरच्या राजवाड्याचे दिवे. एकदा माझ्याबरोबर गेल्या की त्यांचं मैसूर माझं होईल. एवढंच पाहिजे मला.

ओंकार : हळू बोल. आई गॅलरीत मेथी निवडतेय.

चांगुणा : निवडून झाली. कुठलं घर ठरवलं गं? मला बी दाव की.

सृष्टी : या ना आई. अहो, जरा सरका, बसू द्या त्यांना.

ओंकार : आई आली की मी लगेच 'अहो'.

सृष्टी : हे बघा आई. हा हॉल. ही तुमची खोली, खिडकी पूर्वेला. आणि हा...

चांगुणा : झोपाळा. पितळंच्या कड्यांचा. थांब, म्होरं सरकवू नगंस. ह्याच्यावर तर मी चार दिस बसले.

सृष्टी : असे झोपाळे तिकडे घरोघरी असतात, आई.

चांगुणा : आसत्याल. पर ही त्या भितीवरची हरणं, आन् खाली ही जयम्मा उभी हाय न्हवं का? लई मायेची बाई. मला कानडी येईना, तिला मराठी येईना, तरी आमी दोघी दुपार दुपार बोलत बसायचो. ह्येच घर पंकजानं काढलं हुतं.

ओंकार : घ्या. दहापैकी दहा झाले. आपल्यातलं माणूस बघूनच आलंय.

सृष्टी : हे घर नको.

ओंकार : काय?

सृष्टी : नको म्हणजे नको. राजवाड्याकडचं हॉटेल काय वाईट आहे? चालत पाच मिनिटांवर राजवाडा. आईंना रिक्षासुद्धा लागणार नाही.

ओंकार : वही दे इकडे. हे तुझंच अक्षर आहे ना? 'खाली बार. जिन्याच्या गजांतून नंदिनी जाईल एवढी फट. दहापैकी तीन.' तिनाखाली दोन रेघा मारल्यास.

सृष्टी : तेव्हा मी घाईत होते. फटीचं काय एवढं, ओढणी बांधली की झालं.

ओंकार : आणि बारला काय बांधणार?

सृष्टी : बार आपल्या चौकातही आहे.

ओंकार : आहे. म्हणून नंदिनीला शाळेत सोडताना तू रोज मागच्या रस्त्यानं स्कूटर नेतेस. एक किलोमीटरचा वळसा घालून.

सृष्टी : तुम्हाला काय जातंय बोलायला. मी पंधरा दिवस घर शोधायचं आणि तिथे जाऊन चार दिवस ऐकायचं, पंकजा इथं बसली, पंकजानं तिथं हे केलं. त्यापेक्षा पंकजाताईंनाच घेऊन जा परत.

चांगुणा : माझ्यामुळं बिनसलं म्हना की.

सृष्टी : तसं नाही आई.

चांगुणा : तसंच हाय. मी शाळा न्हाई शिकले, पर डोळं हाईत मला. पंकजाचं नाव निघालं की तू भाकरी ताटात ठिवीत न्हाईस, टाकतीस.

सृष्टी : मग रोज का काढता नाव? मंगळवार-शुक्रवार तुमच्या गुडघ्यासाठी मी तुम्हाला व्यायामाला नेते. हळू चालवते म्हणून मागचे हॉर्न वाजवतात, तरी नेते. त्यांनी चार दिवस नेलं, ते तुम्ही चार महिने सांगताय. मी करते ते कधी कुणाला सांगता?

चांगुणा : सांगते की. तिला.

सृष्टी : कुणाला?

चांगुणा : पंकजाला. ह्याच झोपाळ्यावर बसून सांगत हुते. सृष्टी माझ्या गोळ्या वारावारच्या डबीत भरून ठिवती. सृष्टी आसती तर आधी पानी उकळून घेतलं आसतं. तिसऱ्या दिशी ती म्हनली, आई, मग सृष्टीलाच घेऊन यायचं हुतं तुमी. आन् ताटावरनं उठली.

सृष्टी : जेवल्या नाहीत?

चांगुणा : न्हाई जेवली. वरनं जयम्मा केळं घेऊन आली तिच्यासाठी.

सृष्टी : आणखी काय काय सांगितलंत माझं?

ओंकार : चेहरा बघ कसा उजळला.

सृष्टी : तुम्ही गप्प बसा हो.

चांगुणा : ग्वाड लागलं ना कानाला? तिला बी आसंच ग्वाड लागंल, मी हितं काय बोलते ते कळलं तर.

ओंकार : आई, पण हा उद्योग करतेस कशाला? दोघींचं दोघींच्या तोंडावर बोललीस तर भांडणच नको.

चांगुणा : उद्योग न्हाई रं. गावाकडं कोल्हारला मी येकटी आसते, तवा कुनाचंच नाव घेत न्हाई. भितीला काय सांगायचं? सुनंच्या घरी आले की दुसरी आठवती. म्हंते, हिच्या हातचं खाताना तिला इसरले आसं नगं व्हायला. मग तोंडातनं जातं.

सृष्टी : मला ऐकू येत नाही ते कौतुक माझ्या काय कामाचं, आई?

चांगुणा : व्हय. त्ये चुकलंच माझं.

ओंकार : पावणेपाच झाले. जयम्मा पाचपर्यंत थांबणार आहेत, दुसरं एक कुटुंब तेच घर मागतंय. काय कळवू?

सृष्टी : मला दोन मिनिटं द्या.

चांगुणा : घर ब्येस हाय, सृष्टी. रागापायी सोडू नगंस. फकस्त मागच्या अंगनातल्या हौदाचं तेवढं बघ.

सृष्टी : कसला हौद?

चांगुणा : पान्याचा. जमिनीतला. झाकन हाय त्याला, पर कडी मोडलेली हुती. पंकजानं लेकरांपायी त्याचं कायतरी केलं हुतं. मी फुडल्या दारी बसलेली, मला न्हाई ठावं.

सृष्टी : फोटोत हौद नाहीये. वहीतही नाहीये. चार मेडिकलवाल्यांना फोन लावले, जयम्मांना आल्यागेल्याचं सगळं विचारलं, आणि हौद आहे का ते विचारलं नाही. नंदिनीला पाणी दिसलं की ती आधी धावते, मग हाक ऐकते.

ओंकार : मग जयम्मांना विचार आत्ता.

सृष्टी : त्या म्हणतील झाकण आहे. घर द्यायला बसलेला माणूस दुसरं काय म्हणणार? हे ज्यांनी तिथे लेकरं सांभाळली त्यांनाच माहीत.

ओंकार : वहिनीला लावू का मी?

सृष्टी : नको. तुम्हाला त्या 'सगळं छान आहे भाऊजी' एवढंच सांगतील. मी लावते.

(सृष्टी गॅलरीच्या दारात जाऊन फोन लावते. पलीकडचं बोलणं ऐकू येत नाही.)

सृष्टी : ताई, मी सृष्टी. नाही, नाही, आई बऱ्या आहेत. घाबरू नका. तुम्ही मैसूरला उतरला होतात ना, त्या घराचं विचारायचं होतं. हो, जयम्मांचं. मागच्या हौदाची कडी... अजून तशीच असेल म्हणता? मग तुम्ही काय केलंत? पाटा? दोघांनी उचलून झाकणावर ठेवलात? आणि मागच्या दाराला कुलूप. किल्ली कमरेलाच? आंघोळीला जातानासुद्धा? नाही ताई, हसत नाहीये. मीही तेच केलं असतं. हो, घर घेतोय. पाचच्या आत कळवते त्यांना. आई ना? या काय, समोरच बसल्यात. आठवण? तुमची? ... काढतात, ताई. माझ्यापुढे तर फार काढतात.