डाव्या पायाचा अंगठा

नाही, मला एक सांगा, ओझं उतरलं की हमाल ताजातवाना व्हायला पाहिजे की नको? साधा हिशेब आहे! अहो, इतकी वर्षं मी अंगावर आख्खा दुसरा माणूस घेऊन फिरत होतो, त्याला मनिलाच्या इस्पितळात उतरवून आलो, पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी करून घेतली, मग आता मी कसा असायला पाहिजे? वाऱ्यावर उडायला पाहिजे! आणि मी काय करतोय? सदऱ्याची बटणं लावताना मधे विश्रांती घेतोय! तिसऱ्या बटणाला खाली बसतो, पाचव्याला जांभई... कालच चप्पल घालायला वाकलो आणि तिथंच डोळा लागला, वाकलेल्याच अवस्थेत! तुम्हाला सांगतो, वजन गेलं ते गेलं, जाताना झोप घेऊन गेलं!

आता तुम्ही म्हणाल, झोप गेली तर चपलेपाशी लागली कशी? तेच तर म्हणतोय ना! रात्री लागायची ती लागत नाही, आणि जिथं लागायला नको तिथं लागते. मासळीबाजारात लागते. ट्रायसिकलमध्ये, म्हणजे आमच्या तीनचाकी रिक्षात लागते, चालवणाऱ्याच्या खांद्यावर. चर्चमध्ये गुडघे टेकले की सगळे उठतात, मी उठतच नाही. पाद्रीबाबा आईला म्हणाले, "एलपिडियोची भक्ती वाढलीय हो!" भक्ती कसली, मी घरंगळायच्या बेतात होतो!

आणि रात्री? रात्री पडल्या पडल्या झोप लागते, नाही म्हणत नाही, पण लागली की कुणीतरी आतून दचकवल्यासारखा जागा होतो. उठून बघतो तर कुणी नाही. पुन्हा पडतो, पुन्हा दचकतो. हप्त्याहप्त्यानं मिळते झोप मला, आणि प्रत्येक हप्ता फाटका!

हे सगळं केलं कुणासाठी? गावासाठी! हसू नका. मी कॅनडात शिकलो, विनिपेगला, सार्वजनिक आरोग्य. तिथल्या बर्फात बसून मी आमच्या या नारळीच्या गावाची स्वप्नं बघायचो. एक खोली, रक्तदाबाचं यंत्र, बाहेर बाकडं, आणि त्यावर बसलेले असे लोक, की ज्यांना अजून काहीच दुखत नाहीये! दुखायच्या आधी यायचं, हे मला गावाला शिकवायचं होतं. आलो परत, सभेत उभा राहिलो, म्हटलं बंधूंनो, आरोग्य... तर मागून देन्सियोकाका ओरडले, "आरोग्य आलंय रे, जरा सरकून जागा द्या त्याला!" सगळं गाव हसलं. बरोबरच होतं, मी तेव्हा दारातून आडवा होऊन आत यायचो, लहानपणापासून गावात माझं नावच ताबाचोय, म्हणजे ढोल्या. म्हटलं ठीक आहे, आधी स्वतःपासून सुरुवात. आणि गेलो मनिलाला.

परत आलो तर काय, सल्ल्यांचा पूर! आमच्याकडं माणूस भेटला की पहिला प्रश्न "जेवलास का?" आणि "जेवलो" म्हटलं तर दुसरा प्रश्न "मग आता काय खाणार?" शेजारच्या चारिंगमावशी लुगाव घेऊन हजर, तांदळाची दाट पेज, वर आलं, वर कोंबडी, वर उकडलेलं अंडं. मी चार चमचे खाल्ले आणि म्हटलं, "मावशी, भरलं पोट." झालं! "चार चमचे? माझा पोपट याच्यापेक्षा जास्त खातो! अगं बाई, याला तिथं भूल देऊन काय काय काढून घेतलंय कोण जाणे! अरे, पोटच कापलंस तर ताकद उतरणार कुठं?"

मी म्हटलं, मी शिकलेला माणूस आहे, मी शास्त्रानं जाणार. प्रथिनं आधी, भात नंतर. पाणी घोटाघोटानं, जेवताना नाही. गोळ्या? सगळ्या! लोहाची, बी-बाराची, कॅल्शियमची, हात पसरला की औषधाचं दुकान वाटतो. मनिलाच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, "काही महिने थकवा येतोच, पण तुमच्याइतका नाही येत. रक्त तपासा." तपासलं. रक्त इतकं सुरेख निघालं म्हणता, की तपासणाऱ्या मुलीनं विचारलं, "हे खरंच तुमचंच का?" मग मी दमलोय कशानं? वजन गेलं ते गेलं, जाताना झोप घेऊन गेलं!

आणि नेमका त्याच वेळी गोदामाचा प्रश्न आला. आमच्या गावात सुक्या खोबऱ्याचं एक जुनं गोदाम आहे, रिकामं. मला ते आरोग्याच्या खोलीसाठी हवं, देन्सियोकाकांना ते व्हिडिओके लावायला हवं, म्हणजे गावानं रात्रभर माईक धरून रडकी प्रेमगीतं म्हणायची. निकाल द्यायचा कप्तान सेवेरिनोंनी, गावाचे प्रमुख ते. रविवारी सभा. मी उभा राहिलो, नवा सदरा, सैल! आवाज खणखणीत! म्हटलं, "बंधूंनो, निरोगी माणसाचं पहिलं लक्षण म्हणजे उत्साह, आणि उत्साह..."

पुढचं मला आठवत नाही. लोक सांगतात की मी "उत्साह" म्हणालो आणि टेबलावर डोकं ठेवलं.

देन्सियोकाका काय सोडतात? "कप्तान, भाषण संपलं वाटतं! हा आम्हाला आरोग्य शिकवणार? अहो, व्हिडिओके तरी द्या, निदान हा जागा राहील!" कप्तान भले माणूस. म्हणाले, "पुढच्या रविवारी पुन्हा बोल, बाळा. पण शेवटपर्यंत उभा राहून. आणि तेव्हाही नाही जमलं, तर गोदाम देन्सियोचं." म्हणजे बघा, एवढं शिकलो, पोट कापलं, आणि सगळ्या गावाचं आरोग्य लटकलं कशावर, तर माझ्या पापण्यांवर!

आता गंमत ऐका. त्याच आठवड्यात माझा अंगठा दुखायला लागला. डाव्या पायाचा. लाल, सुजलेला, चपलेत जाईना. मी शिकलेला माणूस ना? लगेच पुस्तकं काढली. झपाट्यानं वजन उतरलं की युरिक ॲसिड वाढतं, पायाच्या अंगठ्यालाच धरतं! सापडलं! थकव्याचं मूळ सापडलं! आनंदानं मी आईला मिठी मारली, म्हटलं, "आई, मला संधिवात झालाय!" तिचा चेहरा पडला, पण माझ्या अंगठ्याकडं बघून पडला, आणि ती एकदम उठून भांडी घासायला गेली. स्वच्छ भांडी! तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण छे, मी तपासणीला पळालो. युरिक ॲसिड? उत्तम! त्या मुलीनं आता मला नमस्कारच केला.

मग मी दुपारी हताश होऊन आडवा पडलो. डोळे मिटलेले, पण जागा. आता माझी खाट कशी आहे ते समजून घ्या, त्यावर सगळं आहे. ऑपरेशननंतर डोकं उंच ठेवून झोपायचं म्हणून आईनं खाट फिरवली, तेव्हा पाय आले कोपऱ्यात. एका बाजूला बांबूच्या चटईची भिंत, पलीकडं आईची खाट. दुसऱ्या बाजूला खिडकी, पलीकडं चारिंगमावशींचं अंगण. मी पडलोय. शांतता. आणि चटईच्या खालच्या फटीतून एक हात आला! चाचपडत, खेकड्यासारखा. मी श्वास रोखला. त्याच वेळी खिडकीतून दुसरा हात! आणि दोन्ही हातांनी एकदम माझा अंगठा पकडला!

"अगं सोड, मी ओढते!"

"तू? तुझी पाळी संध्याकाळची, चारिंग!"

"पण आवाजच नव्हता ना येत! मला वाटलं, तुझा डोळा लागला!"

"माझा? माझा डोळा महिनोन्महिने लागलेला नाही!"

मी उठून बसलो. म्हटलं, "काय चाललंय?" तर दोन्ही हात गुप्त!

माझ्या लक्षात आलं. बांगुंगोत! आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं हे झोपेतलं भूत. धडधाकट माणूस जेवतो, झोपतो, आणि झोपेतच ते त्याच्या छातीवर बसतं, सकाळी माणूस उठत नाही. उपाय एकच, वेळेवर पायाचा अंगठा ओढायचा. आता मी लठ्ठ होतो तेव्हा काय, मी घोरायचो, आणि घोरणं म्हणजे बोटीचं इंजिन! आई पलीकडून ऐकायची, इंजिन चालू आहे, पोर जिवंत आहे, आणि निवांत झोपायची. ऑपरेशन झालं, वजन उतरलं, घोरणं थांबलं. इंजिन बंद! मग ती उठायची आणि ओढायची. मी दचकलो की खात्री पटायची. आणि एकटीला झेपेना म्हणून तिनं गल्लीत पाळ्या वाटून दिल्या होत्या!

मी चिडलो. एवढा अभ्यास, एवढ्या सुया! "आई, अगं शांत झोपणं म्हणजेच बरा झालोय मी! घोरणं हाच आजार होता!"

ती खाटेच्या कडेला बसली. म्हणाली, "तुझे बाबा घोरायचे ना, तेव्हा चारिंगच्या कोंबड्या उठायच्या. सगळे चिडवायचे मला. एका रात्री आवाज थांबला. मी म्हटलं, बरं झालं देवा, आज तरी शांतता. आणि कूस बदलून झोपले. मस्त झोपले रे मी. पार सकाळपर्यंत."

  मी सरकून तिच्या शेजारी, खाटेच्या कडेला बसलो.

पण मी काही स्वस्थ बसणारा नाही! संध्याकाळी गल्ली गोळा केली, फळ्यावर घसा काढला, नाक काढलं, श्वास कसा अडकतो, माणूस कसा गुदमरतो, सगळं सगळं समजावलं. चारिंगमावशी म्हणाल्या, "किती छान सांगतो हा!" आईनं डोळे पुसले, म्हणाली, "पटलं बाळा, पूर्ण पटलं." आणि त्या रात्री अंगठा नेहमीपेक्षा जास्त वेळा ओढला गेला, कारण आता त्यांना आजाराची माहिती झाली होती!

मग मला ग्रेगर आठवला. विनिपेगचा माझा खोलीतला सोबती. त्यानं एकदा मला लाजवायला माझं घोरणं फोनवर टिपून ठेवलं होतं. मागवलं, आणि शनिवारी फोन उशीखाली ठेवून लावलं. काय आवाज हो! घर्रर्र... फुस्स्स... मधे एक भयाण थांबा... आणि पुन्हा घर्रर्र! चटईपलीकडं आईनं एक लांब सुस्कारा सोडला आणि झोपली. चारिंगमावशी झोपल्या. गल्ली झोपली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा माझ्या अंगठ्याला कुणी हात लावला नाही. आणि मी? मी टक्क जागा! त्या आवाजात माणूस झोपेल कसा? आणि तो मधला थांबा आला की माझाच जीव वर यायचा, म्हणायचो, घे रे, श्वास घे... मी माझ्याच श्वासाची राखण करत बसलो! तेव्हा कळलं मला, आई पलीकडं काय ऐकायची. वजन गेलं ते गेलं, जाताना झोप घेऊन गेलं, आणि ती झोप बाकी गल्लीला वाटून गेलं!

रविवारी सभेला सगळे टवटवीत, फक्त मी वाळलेल्या बोंबलासारखा. तरी उभा राहिलो. भाषण तयार होतं, कागद उलटाच ठेवला. म्हटलं, "माझे बाबा आयुष्यभर घोरले. त्यांचा श्वास अडकत होता आणि आम्ही कोंबड्यांचे विनोद करत होतो. तुमच्यापैकी कुणाच्या घरातलं माणूस असंच झोपेत गेलंय?" आधी आईनं हात वर केला. मग मागून एक. मग आणखी. आणि मग, देन्सियोकाका. त्यांचा धाकटा भाऊ, होडीवरून दमून आला, जेवला, झोपला. मी म्हटलं, "म्हणून खोली पाहिजे. अंगठा ओढायची वेळ यायच्या आधी त्या माणसाला बघायला. म्हणून कप्तान, मला..."

आणि लागला डोळा.

सगळी सभा ताडकन उठली. आणि कुणीतरी किंचाळलं, "अंगठा! अरे अंगठा ओढा त्याचा!" कोण असेल? देन्सियोकाका! खुद्द कप्तान सेवेरिनो टेबलाखाली वाकले, माझी चप्पल काढली आणि काय हिसका दिला म्हणता! मी ओरडत उठलो, "...मला गोदाम द्या!"

"दिलं," कप्तान टेबलाखालूनच म्हणाले. "उद्या कुलूप काढू. आता घरी जा आणि झोप, बाळा."

जिंकलो हो! घरी आलो. आई म्हणाली, "आज फोनबिन काही लावू नकोस. मी नाही ओढणार. शप्पथ!" दार लावलं, पडलो, डोळे मिटले. अशी झोप आली, अशी गाढ, अशी गोड... आणि अंगठ्याला हिसका!

"आई! शप्पथ घेतलीस ना?"

"मी नाही रे!" पलीकडून आई. "मी तर झोपले होते!"

बघतो तर खिडकीत देन्सियोकाका. हातात माझा अंगठा. ओशाळले. "काही नाही, सहज... आवाज येत नव्हता म्हणून. नीट आहेस ना? झोप, झोप. मी आहे इथं बाहेर, स्टूल आणलंय मी."

आता या माणसाला काय बोलणार? मी डावा पाय हळूच चादरीत ओढून घेतला, दुसरा बाहेर काढला आणि म्हटलं, "काका, ओढायचाच असेल तर आजपासून उजवा."